मैदानावरचा अर्धा वाटा

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



या शिबिरात कौटुंबिक हिंसा, जमिनीचा हक्क, रेशन, आरोग्य अशा विषयांवर सत्रं झाली. त्यानंतर ‘हायस्कूलमधल्या मुलींचे खेळ’ हा विषय तुम्हांला जरा हलका वाटेल. कालच जेवताना एक ताई मला म्हणाल्या, “बायका घरात मार खाताहेत, आणि तू खो-खोचं काय घेऊन बसलीस?” प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर देतच सुरुवात करते.

बाईच्या शरीरावर हक्क कुणाचा, तिच्या वेळेवर हक्क कुणाचा आणि गावातल्या मोकळ्या जागेवर हक्क कुणाचा, हे तीन प्रश्न आपली चळवळ कितीतरी वर्षं मांडते आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत हे तिन्ही प्रश्न एकाच ठिकाणी येतात, ते म्हणजे शाळेच्या मैदानावर. मुलगी मैदान सोडते त्या वर्षी तिच्याकडून या तिन्ही गोष्टी काढून घ्यायला सुरुवात झालेली असते. पुढे शाळा सुटते, लग्न ठरतं, आणि मग काही वर्षांनी ती आपल्या सल्ला केंद्राच्या पायऱ्या चढते. आपण तिला तिथे भेटतो. मला म्हणायचं आहे की तिला जरा आधी भेटायला हवं.

मुली मैदानावरून कुठे जातात?

तुमच्या भागातल्या कोणत्याही हायस्कूलमध्ये खेळाच्या तासाला जा. पाचवी-सहावीच्या मुली मुलांच्या बरोबरीनं पळताना दिसतील. आठवीतल्या मुली कडेला लिंबाच्या झाडाखाली बसलेल्या असतील. नववी-दहावीतल्या बहुधा दिसणारच नाहीत. त्या वर्गात वह्या पूर्ण करत असतील, नाहीतर त्यांचा खेळाचा तास गणिताला दिलेला असेल. मैदानावर मुलांचं क्रिकेट चाललेलं असतं. क्रिकेटच्या एका डावाला अख्खं मैदान लागतं, आणि मग मुलींनी कुठे खेळायचं हा प्रश्न कुणाच्या मनातही येत नाही. ‘मुलींना प्रवेश नाही’ अशी पाटी कुणी लावलेली नसते. तशी ती लागत नाही.

मी मराठवाड्यातल्या एका दुष्काळी तालुक्यात काम करते. तिथल्या एका हायस्कूलविषयी मी बोलणार आहे. शाळेचं आणि गावाचं नाव सांगत नाही, कारण मुलींच्या घरच्या गोष्टी येणार आहेत. तिथे आम्ही आठवी ते दहावीच्या मुलींना कोरे कागद दिले आणि नाव न घालता एकच लिहायला सांगितलं: खेळ का सोडला? उत्तरं अशी होती. “पाळी आली तर बदलायला जागा नाही.” “घरी जाऊन पाणी भरायचं असतं.” “आई-बाप उसाला गेलेत, भावाला मीच बघते.” “पळताना पोरं छातीकडं बघून हसतात.” “बस चुकते.” “आजी म्हणते आता मोठी झालीस.” आणि एकीनं लिहिलं होतं, “सोडला नाही. आम्हाला कुणी बोलावलंच नाही.”

यातली एकही अडचण मुलीच्या अंगात नाही, हे लक्षात घ्या. संडास, पाणी, बस, घरकाम, पोरांचं वागणं, आजीचं बोलणं, या सगळ्या गोष्टी माणसांनी केलेल्या आहेत. म्हणजे त्या बदलता येतात.

कायद्याचंही बघा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेला मैदान हवं आणि मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं हवीत असं सांगितलं. पण हा कायदा सहा ते चौदा वयापुरता, आठवीपर्यंतचा. मुलीला मैदानाची आणि संडासाची सर्वांत जास्त गरज लागते ती नववीत, आणि नेमकी तिथे त्याची हद्द संपते.

‘त्यांना आवडच नसते’

मुख्याध्यापकांपासून पालकांपर्यंत सगळ्यांकडून ऐकू येणारं वाक्य म्हणजे “मुलींना खेळाची आवडच नसते.” याला मी एक लांबचं उदाहरण देते. अमेरिकेत १९७२ साली ‘टायटल नाइन’ या नावानं ओळखला जाणारा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत स्त्री-पुरुष असा भेदभाव करता येणार नाही, एवढंच तो सांगतो. मूळ कायद्यात खेळ हा शब्दही नव्हता. त्याआधीच्या १९७१-७२ या वर्षी तिथल्या हायस्कूलच्या संघांत मुलगे ३६ लाखांवर होते आणि मुली ३ लाखांहूनही कमी. २०१८-१९ मध्ये मुलींची संख्या ३४ लाखांवर गेली होती. मधल्या काळात मुलींचा स्वभाव बदलला का? नाही. मैदान मिळालं, शिक्षक मिळाला, वेळ मिळाला. तेही सुखासुखी नाही. पालक आणि मुली शाळांविरुद्ध कोर्टात गेल्या, तेव्हा कुठे तो कायदा कागदावरून मैदानावर उतरला.

आपल्याकडे तर दाखले हवे तेवढे आहेत. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाडा या आदिवासी पाड्यावरच्या कविता राऊतनं २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवलं. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारतीय महिला संघानं तो जिंकला, आणि त्या संघाची कर्णधार होती आपली प्रियांका इंगळे. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, तेव्हा आमच्या गावात पोरींनी रात्री बारानंतर फटाके वाजवले. त्या वेळी घराबाहेर का आलात, असं त्या रात्री त्यांना कुणी विचारलं नाही.

पण पदकांबद्दल मी इथेच थांबते. हजारात एखादीला पदक मिळेल. उरलेल्या सगळ्या जणींना खेळण्याचा हक्क आहे की नाही, हा आपला प्रश्न आहे.

नऊ जणी

आता आमच्या शाळेविषयी. आम्ही खो-खो निवडला, कारण त्याला खर्च नाही. दोन खांब, सुतळी आणि चुना एवढ्यावर भागतं. मैदानात नऊ जणी लागतात. पहिल्या वर्षी त्या नऊ जमवताना खरोखरच नाकी नऊ आले. क्रीडाशिक्षक तयार होते, पण ते म्हणत, “मॅडम, मी शाळेत शिकवीन. घरून परवानगी आणणं तुमचं काम.” त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. म्हणून आम्ही सुरुवात मैदानापासून केलीच नाही, बचत गटापासून केली.

गटाच्या बैठकीत आम्ही बायकांना खडे दिले. जमिनीवर दोन ओळी आखल्या, एक मुलाच्या दिवसाची, एक मुलीच्या. एक खडा म्हणजे अर्धा तास. झोप, शाळा, पाणी, भांडी, जळण, अभ्यास, खेळ असे खडे मांडायचे. मुलाच्या ओळीत खेळापुढे चांगला ढीग झाला. मुलीच्या ओळीत खेळाची जागा रिकामी राहिली. बायका बराच वेळ त्याकडे बघत होत्या. मग एक जण म्हणाली, “पोराचा तो खेळ, अन् पोरीचं ते उंडारणं. आपणच म्हणतो की असं.” दुसरी म्हणाली, “मी सातवीत असताना लंगडीत कुणाला हार जात नव्हते.” त्यानंतर अर्धा तास नुसता खेळांच्या आठवणींचा झाला. कोण झाडावर चढायची, कोण विहिरीत उडी मारायची. त्या दिवशी ठरलं की आठवड्यातले तीन दिवस संध्याकाळचं पाणी मुलगा भरेल. सगळ्या घरांत ते पाळलं गेलं नाही. पण नऊ घरांत पाळलं गेलं, आणि आमचा संघ उभा राहिला.

मग बसचा प्रश्न. अहिल्याबाई होळकर योजनेतून मुलींना एसटीचा मोफत पास आहे, पण पास असून काय उपयोग? शेवटचा तास सुटला की लगेच बस निघते. ती चुकली की वाडीपर्यंत अंधारात पायपीट. मुली खेळायला थांबणार कशा? आयांनी मिळून आगारप्रमुखांना अर्ज दिला. पहिल्या खेपेला साहेब नव्हते, दुसऱ्या खेपेला अर्ज सापडत नव्हता, तिसऱ्या खेपेला बायका तिथेच बसून राहिल्या. आठवड्यातून दोन दिवस बस पाऊण तास उशिरा सुटू लागली. त्या दोन दिवसांत वाड्यांवरच्या मुली थांबू लागल्या, आणि संघ फक्त गावातल्या मुलींचा राहिला नाही.

शाळेत मुलींचं स्वच्छतागृह होतं, पण कडी तुटलेली आणि पाणी नाही. महिला ग्रामसभेत बायकांनी हा विषय लावून धरला. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातला दहा टक्के भाग महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो, हे त्या सभेत पहिल्यांदा मोठ्यानं बोललं गेलं. त्यातून पाण्याची टाकी, कडी, आरसा आणि झाकणाचा डबा आला. सगळा मिळून खर्च फार नव्हता. आजवर तो झाला नव्हता, कारण कुणी मागितला नव्हता.

मैदानाचं काम त्याहून अवघड गेलं. संध्याकाळी तिथे ट्रॅक्टर लागत, रात्री दारूच्या बैठका बसत. सकाळी मुलींच्या पायांना काचा लागत. एका रविवारी बचत गटांच्या बायकांनी आणि मुलींनी मिळून श्रमदान केलं, पाट्या भरभरून बाटल्या उचलल्या आणि त्या ग्रामपंचायतीच्या ओट्यावर नेऊन ठेवल्या. कुणाला काही बोलल्या नाहीत. सोमवारी सरपंच स्वतः शाळेत आले. त्यानंतर मैदानाचं वेळापत्रक फळ्यावर लागलं. मुलांचं क्रिकेट कधी, मुलींचा खो-खो कधी, सगळं लिहून. काही तरुणांनी कुरकुर केली. पण त्यांतल्याच दोघांच्या बहिणी संघात होत्या.

कपड्यांवरून दोन बैठका झाल्या. आम्ही एवढंच म्हटलं की पळायचं कुणाला आहे, त्यांना विचारा. मुलींनी टी-शर्ट आणि पूर्ण लांबीची पँट ठरवली. पुढच्या वर्षी काही जणींनी आपण होऊन चड्डी घातली. तोवर गावाचं लक्ष त्यांच्या पायांवरून त्यांच्या गुणांवर गेलं होतं.

तालुक्याच्या पहिल्या स्पर्धेत आमचा संघ पहिल्याच फेरीत हरला, तोही डावानं. पण त्या दिवशी मुलींबरोबर दोन आया एसटीनं गेल्या होत्या. त्यांतली एक नवऱ्याशिवाय तालुक्याला पहिल्यांदाच गेली होती. परत आल्यावर ती गटात म्हणाली, “पुढच्या बारीला मीच जाणार.” आता आयांच्या पाळ्या लागतात आणि त्यावरून भांडणं होतात. आज शाळेत खो-खोबरोबर मुलींची कबड्डी आणि धावणं आहे. दहावी होऊन गेलेल्या मुली पाचवी-सहावीच्या लहान मुलींना शिकवायला येतात. ८ मार्चला त्याच मैदानावर गावातल्या बायकांची लंगडी होते, आणि ती बघायला पुरुष कुंपणाबाहेर उभे असतात.

कोयत्याशी सामना

हे सगळं गोड वाटेल, म्हणून आता कडू बाजू सांगते. आमचा तालुका ऊसतोडीला जाणाऱ्यांचा. तोडणीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल कोयत्यावर मिळते. मुलाचं लग्न लावलं की घरात आणखी एक कोयता होतो, म्हणून दसरा-दिवाळीच्या आधी लग्नं उरकतात आणि त्यात नववी-दहावीतल्या मुली जातात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झाल्याचं दिसलं. शालेय स्पर्धाही नेमक्या पावसाळ्यात सुरू होऊन हिवाळ्यापर्यंत चालतात. म्हणजे संघ तयार व्हायला आणि मुलगी उठून जायला एकच गाठ पडते.

आमच्या संघातल्या एका मुलीचं लग्न असंच ठरलं. तिनं आम्हांला सांगितलं नाही, तिच्याशेजारी चौकात बसणाऱ्या मैत्रिणीला सांगितलं. मैत्रिणीनं आईला सांगितलं, आईनं गटाला. बायका, अंगणवाडीताई आणि वर्गशिक्षिका तिच्या घरी गेल्या. ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, त्यांनाही नेलं. १०९८ या क्रमांकावर फोन करायची वेळ आली नाही, पण तो करू असं स्पष्ट सांगितलं. लग्न थांबलं. तिला हंगामी वसतिगृहात ठेवलं, तिनं दहावीची परीक्षा दिली. त्याच वर्षी दुसऱ्या एका मुलीचं लग्न परगावी, मामाच्या घरी लावून टाकलं. आम्हांला कळलं तेव्हा ती कारखान्याच्या फडावर होती. ती खेळत नव्हती. तिच्या मनातलं सांगायला तिला शेजारी कुणी बसलेलं नव्हतं.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. संघ म्हणजे मुलींची पहिली संघटना असते. तिथे एकमेकींवर भरवसा ठेवायला लागतो, हरल्यावर एकमेकींना सांभाळायला लागतं, पंचाशी वाद घालायला लागतो. मुंबईत गोवंडीच्या शिवाजीनगर वस्तीत ‘परिवर्तन’ या उपक्रमानं कबड्डीच्या आधारे किशोरींबरोबर असंच काम केलं, आणि मुलींना शिकवणाऱ्या ताया त्याच वस्तीतल्या तरुणी होत्या. वस्ती असो की वाडी, मुलगी एकटी खेळू शकत नाही. तिच्यामागे बायका उभ्या राहाव्या लागतात.

सावध राहायच्या जागा

हे काम करताना काही गोष्टींवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायला हवं.

पहिली गोष्ट, संघात कोण आहे ते मोजा. दलित वस्तीतली, पारध्यांच्या पालावरची, मुस्लिम मोहल्ल्यातली मुलगी आहे का? अपंग मुलीसाठी काय आहे? संघ जर फक्त मोठ्या आळीतल्या मुलींचा असेल तर आपण गावातली जुनीच उतरंड मैदानावर चुन्यानं आखली, एवढंच.

दुसरी, पोट. राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयानं ग्रासलेल्या आहेत. उपाशी मुलीला पळायला लावणं हा खेळ नव्हे. सरावाच्या दिवशी शेंगदाणे-गूळ, उकडलेलं अंडं, काहीतरी हवंच, आणि आरोग्य केंद्राकडून रक्ताची तपासणीही.

तिसरी, सुरक्षितता. २०२३ मध्ये देशाला पदकं मिळवून देणाऱ्या महिला कुस्तीगीर लैंगिक छळाची तक्रार घेऊन दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या होत्या. एवढ्या नावाजलेल्या बायकांवर ही पाळी येते, तर आपल्या गावातल्या मुलीनं कुणाकडे बोलावं? पोक्सो कायदा २०१२ पासून आहे. २०२२ च्या शासन निर्णयानं शाळाशाळांत सखी सावित्री समिती आली. ती तुमच्या शाळेत आहे का, तिच्यात बाहेरच्या बायका आहेत का, मुलींना तिची माहिती आहे का, हे विचारा. स्पर्धेला जाताना बरोबर बाई हवीच. पण धोका आहे म्हणून मुलीला घरी बसवा, हे उत्तर आपण मान्य करायचं नाही. धोका करणाऱ्याला बाहेर काढायचं.

चौथी गोष्ट आपल्याच बोलण्याची. “मुली खेळल्या तर पुढे सुदृढ आई होतील,” असं म्हटलं की पालक लवकर पटतात. ते बोलायचा मोह होतो. पण मग तिचं शरीर पुन्हा दुसऱ्या कुणासाठी राखून ठेवलेलं ठरतं. दहावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, हे जरूर सांगा, तो तिचा हक्क आहे. पण एखादीला नुसतं पळावंसं वाटतं, तेवढं कारणही पुरेसं आहे.

आपण काय करायचं?

जाता जाता कामाच्या चार गोष्टी. प्रत्येक गटानं आपल्या भागातलं एक हायस्कूल निवडावं. खेळाच्या तासाला मैदानाच्या कडेला उभं राहून किती मुली खेळतात ते मोजावं आणि लिहून ठेवावं. शाळेचं वेळापत्रक मागून मुलींचा खेळाचा तास दुसऱ्या विषयाला दिलाय का ते बघावं. आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात निम्म्या जागा बायकांच्या असतात. तिथल्या आयांना मैदान, संडास आणि बस हे तीन विषय बैठकीत मांडायला तयार करावं. आणि महिला ग्रामसभेत त्या दहा टक्क्यांचा हिशेब मागावा.

याला मोठं अनुदान लागत नाही. बायकांचा वेळ लागतो आणि चिकाटी लागते. दोन्ही आपल्याकडे असल्याचं आपण दारूबंदीच्या आंदोलनात दाखवून दिलं आहे.

सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींना शाळेच्या आत नेलं. शाळेच्या आवारातला अर्धा भाग मात्र अजून आपल्या मुलींच्या ताब्यात आलेला नाही. पुढच्या शिबिराला येताना प्रत्येकीनं आपल्या हायस्कूलच्या मैदानावरचा आकडा घेऊन यावा, एवढी विनंती करते आणि थांबते.